शाळेतलं जेवण : सरसकट सगळ्यांना, की फक्त गरजूंना?

पाटीपेन्सिल

बावीस वर्षं शिकवलं. त्यातली पंधरा अशा शाळेत, जिथे दुपारचं जेवण मिळायचं, पण दोन रीतींनी. घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर फुकट. बाकीच्यांनी महिन्याचे पैसे भरायचे, नाहीतर घरून डबा आणायचा. फुकटवाल्यांची यादी वर्गशिक्षकाच्या कपाटात असायची, म्हणजे माझ्याच.

एका वर्षी सहावीच्या वर्गात एक मुलगी होती. मधली सुट्टी झाली की फळा पुसायची, डस्टर झटकायला बाहेर जायची, खडू रंगाप्रमाणे लावून ठेवायची. मला वाटायचं, किती जबाबदार पोर आहे. सहामाही परीक्षा होऊन गेल्यावर एकदा चष्मा विसरला म्हणून मी वर्गात परत आले, तर ती खिडकीशी बसून पाणी पीत होती. बाटली संपवली, भरून आणली, परत प्यायली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. तिच्याकडे डबा नव्हता आणि यादीत तिचं नावही नव्हतं.

चौकशी केली. वडील दोन ठिकाणी अर्धा-अर्धा दिवस काम करायचे. उत्पन्नाच्या दाखल्यावर मालकाची सही लागायची आणि दोघेही मालक म्हणायचे, तुम्ही आमच्याकडे पूर्णवेळ नाही, आम्ही सही कशी करू? अर्ज दोनदा परत आला. तिसऱ्यांदा त्यांनी केलाच नाही. सहा महिने ती माझ्या डोळ्यांदेखत उपाशी राहिली आणि मी तिला शाबासकी देत होते. आजही ते आठवलं की घास उतरत नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. शाळेतलं जेवण सगळ्या मुलांना, काहीही न विचारता, फुकट मिळालं पाहिजे. बाकावर बसवताना, प्रयोगशाळेत नेताना, मैदानावर सोडताना आपण कोणाकडे दाखला मागतो का? मूल सहा-सात तास शाळेच्या ताब्यात असतं. त्या वेळात त्याला भूक लागणारच. मग जेवण शाळेचाच भाग का नको?

विरोधातलं बरंच ऐकलं आहे. श्रीमंतांच्या मुलांना कशाला, पैसा कुठून आणायचा, आईबापांचं काम सरकारने का करायचं. यावर खरोखर बोलणं व्हावं म्हणून धागा काढला. पटत नसेल त्यांनी जरूर लिहा.

हिशेबवही

वाचून अस्वस्थ झालो. तरी विरोधातच लिहितो, कारण माझाही मुद्दा त्याच मुलीबद्दल आहे.

नोकरीभर सार्वजनिक पैशाचे हिशेब तपासले, त्यामुळे आधी आकडेच दिसतात. समजा शाळेत शंभर मुलं आहेत, त्यातली तीस खरोखर गरजू. वर्षातले दोनशे दिवस शंभर जणांना एक वेळ जेवण म्हणजे वीस हजार ताटं. हीच वीस हजार ताटं त्या तीस जणांसाठी ठेवली तर प्रत्येकाच्या वाट्याला सहाशे सहासष्ट येतात. शाळेच्या दोनशे दिवशी सकाळ-दुपार दोन्ही वेळचं जेवण, उरलेल्या एकशे पासष्ट सुट्ट्यांत रोज एक वेळ, आणि तरीही माणशी शंभर ताटं शिल्लक राहतात.

तुमची विद्यार्थिनी रविवारी काय खात होती? मोठ्या सुट्टीत? रात्री? सरसकट योजनेत तिला शाळेच्या दिवशी एक ताट मिळालं असतं आणि तेवढाच पैसा शेजारच्या बाकावरच्या सुखवस्तू मुलाच्या ताटात गेला असता. त्या मुलाच्या घरी फक्त डबा भरायचा त्रास वाचला असता.

तुमच्या गोष्टीत दोष अर्जाचा आहे. मग अर्ज काढून टाकू. अमेरिकेत बऱ्याच मुलांच्या बाबतीत कुटुंब सरकारी अन्नसाहाय्य घेत असेल, तर त्या यादीवरून मुलाचं नाव परस्पर शाळेकडे जातं. पालकाला काहीच भरावं लागत नाही. असं करता येत असताना, एका सहीवाचून अडलेल्या मुलीसाठी सत्तर सधन मुलांना जेवू घालणं मला पटत नाही.

तळटीप

हिशेबवही, तुमचं गणित बिनचूक आहे, पण त्यात दोन गोष्टी धरून चालल्या आहेत. एक, ते तीस जण नेमके सापडतात. दोन, सापडलेले सगळे जेवायला येतात.

इंग्लंडमध्ये 2009 ते 2011 या काळात यावर प्रयोग झाला. न्यूहॅम आणि डरहॅम या दोन ठिकाणी प्राथमिक शाळेतल्या सगळ्याच मुलांना फुकट जेवण दिलं. वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये फक्त उत्पन्नाची मर्यादा वर नेली, म्हणजे आणखी काही कुटुंबं पात्र झाली. पुढे मूल्यमापन झालं तेव्हा सरसकट दिलेल्या ठिकाणची मुलं इतरत्रच्या तशाच मुलांपेक्षा अभ्यासात चार ते आठ आठवड्यांनी पुढे होती. वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये असा फरक दिसला नाही. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे : सरसकट दिल्यावर जी मुलं *आधीपासूनच* फुकट जेवणाला पात्र होती, तीसुद्धा जास्त संख्येने जेवायला येऊ लागली. त्यांच्यासाठी नियमात काहीही बदललं नव्हतं. बदललं होतं ते एवढंच, की आता शेजारचाही तेच जेवत होता.

स्वीडनमध्ये 1959 ते 1969 या दशकात एकेक पालिका करत शाळेत पौष्टिक फुकट जेवण सुरू झालं. संशोधकांनी त्या मुलांचा पुढे थेट त्यांच्या कमाईपर्यंत मागोवा घेतला. नऊ वर्षं शाळेत जेवलेल्यांची आयुष्यभराची कमाई सुमारे 3 टक्क्यांनी जास्त निघाली. गरीब घरांतल्या आणि लहान वयातच सुरुवात झालेल्या मुलांत हा फरक आणखी मोठा होता.

परवडण्याबद्दल एकच सांगतो. फिनलंडने सगळ्या मुलांना फुकट जेवणाचा कायदा 1943 मध्ये, ऐन युद्धात केला आणि तो 1948 पासून पूर्ण अमलात आला. तेव्हा हा देश सोव्हिएत संघाला युद्धाची भरपाई फेडत होता. श्रीमंती त्यानंतर आली.

निळी शाई

मला वेगळंच खुपतं. मी वडील आहे. पहाटे पावणेसहाला उठून दोन मुलांचे डबे मी भरतो. धाकट्याला एका पदार्थाची अ‍ॅलर्जी आहे. शाळेच्या एका कार्यक्रमात तो पदार्थ चुकून त्याच्या खाण्यात आला आणि घसा सुजून त्याला उचलून न्यावं लागलं. आधी दोनदा लेखी दिलं होतं. त्या दिवसानंतर माझ्या हातचं सोडून त्याने शाळेत काही खाल्लेलं नाही.

शिवाय संध्याकाळी डब्यात काय उरलं आहे यावरून मला त्याचा दिवस कळतो. अर्धा डबा परत आला की समजायचं, कोणाशी तरी बिनसलंय. हे माझ्याकडून कोणी काढून घेऊ नये.

तुम्ही म्हणाल, डबा आणायला कोण नको म्हणतंय? आज कोणी म्हणत नाही. पण सगळे शाळेचंच जेवू लागले की डबेवाला एकटा पडतो. इंग्लंडमध्ये काही शाळांनी घरचा डबा आणायलाच मनाई केल्याची उदाहरणं आहेत. मुलाला काय भरवायचं हे आईबाप ठरवतात. ज्यांना ते जमत नाही त्यांना जरूर मदत करा, पण ज्यांना जमतं त्यांची जागा शाळेने घेऊ नये.

पाटीपेन्सिल

@निळी शाई, डब्याला मनाई करणाऱ्या कोणत्याही योजनेला माझाही विरोध आहे. तुमचा मुलगा त्याचा डबा घेऊन त्याच पंगतीत बसावा. अ‍ॅलर्जीची काळजी तर दोन्ही व्यवस्थांत सारखीच घ्यावी लागते, कारण गरीब मुलालाही अ‍ॅलर्जी असते आणि त्याच्याकडे डब्याची पळवाट नसते. त्या दिवशी तुमच्यावर काय ओढवलं असेल याची कल्पना करू शकते.

मुदपाक

शाळेच्या स्वयंपाकघरात अठरा वर्षं काढली. आधी भांडी घासायला, मग हाताखाली, शेवटची सात वर्षं मुख्य म्हणून. इथे सगळे ताटाबद्दल बोलताहेत म्हणून ताट वाढणारीने दोन शब्द लिहावेत असं वाटलं.

आमच्याकडे फुकटवाल्यांचं कूपन पिवळं आणि पैसेवाल्यांचं पांढरं होतं. लहान पोरांना त्याचं काही नसायचं. सहावीच्या पुढची मात्र पिवळं कूपन मुठीत चुरगाळून द्यायची, रंग दिसू नये म्हणून. मी न बघताच पेटीत टाकायचे. काही पोरं रांगेत सगळ्यात शेवटी यायची. कूपन देताना मागे कोणी नको, म्हणून.

त्याहून वाईट ती थकबाकीची यादी. वरून हुकूम होता, पैसे बाकी असतील त्याला ताट द्यायचं नाही. एकदा वाढून झालं आणि मग कळलं, याचं नाव यादीत आहे. ताट परत घ्यावं लागलं. वाढलेलं अन्न परत पातेल्यात घालता येत नाही, ते टाकून द्यावं लागतं. पोरगं बघत होतं. मी ते टाकलं. नोकरी जाईल म्हणून टाकलं.

म्हणून मी सरसकटच्या बाजूने आहे. पण पुढचंही ऐका. ज्या वर्षी आमच्याकडे सगळ्यांना फुकट झालं, त्या वर्षी एकशे चाळीस ताटांची तीनशे दहा झाली. शेगड्या त्याच, पातेली तीच, बायका आम्ही चारच. शेवटच्या तुकडीला जेवायला दीड वाजायचा, तोवर अन्न गार. धुवायला वेळ नाही म्हणून ताटं ओलीच वाढायला यायची. पोरांनी नाकं मुरडली आणि निम्मं अन्न वाया जायला लागलं. सगळे म्हणाले, फुकटचं म्हणून किंमत नाही. किंमत नव्हती असं नाही, ते जेवण खरंच वाईट झालं होतं. मी करत होते, मला माहीत आहे. आणखी तीन बायका आणि मोठी शेगडी मिळायला दीड वर्षं लागलं, त्यानंतर घडी बसली.

घोषणा करायच्या आधी स्वयंपाकघरात येऊन शेगड्या मोजा.

तळटीप

मुदपाक, शेगड्यांचा मुद्दा लाखमोलाचा. इंग्लंडने सप्टेंबर 2014 पासून पहिल्या तीन इयत्तांना सरसकट फुकट जेवण सुरू केलं तेव्हा स्वयंपाकघरं आणि जेवणाच्या जागा वाढवायला 15 कोटी पौंड वेगळे काढावे लागले होते.

आणि थकबाकीपायी ताट काढून घेणं हे तुमच्याच शाळेत झालं असं नाही. अमेरिकेत हा प्रकार इतका वाढला की न्यू मेक्सिको राज्याने 2017 मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. पैसे बाकी आहेत म्हणून मुलाला वाढलेलं अन्न फेकायचं नाही, त्याच्याकडून टेबलं पुसून घ्यायची नाहीत, हे कायद्यात लिहावं लागलं.

हिशेबवही

मुदपाक, ताटाचा प्रसंग वाचून थोडा वेळ उठून गेलो होतो. असा हुकूम काढणाऱ्याचं समर्थन कोणीच करू शकत नाही.

पण रंगीत कूपन हा गाढवपणा आहे आणि तो टाळता येतो. सगळ्यांना एकसारखं कार्ड द्या. कोणाच्या कार्डात पैसे पालकांनी भरले आणि कोणाच्या सरकारने, हे ना वाढणारीला कळावं ना शेजारच्याला. मग लाज कशाची?

तळटीप यांच्या पुराव्यांबद्दल दोन शंका आहेत. इंग्लंडच्या त्या प्रयोगात मुलांची गैरहजेरी काही कमी झाली नव्हती. मग प्रगती नेमकी कशामुळे झाली हे ठामपणे सांगता येत नाही. स्वीडनमध्ये जुन्या गार डब्याच्या जागी पोषणाचे निकष पाळणारं ताट आलं. तो फायदा चांगल्या अन्नाचा की सरसकट देण्याचा? चांगलं अन्न फक्त गरजूंना दिलं असतं तर गरीब मुलांना तोच लाभ झाला नसता, असं त्या अभ्यासातून सिद्ध होत नाही.

अजून एक अडचण कोणी मांडलेली नाही. इंग्लंडमध्ये गरीब विद्यार्थ्यामागे शाळेला जादा अनुदान मिळतं आणि ते मोजलं जातं फुकट जेवणाच्या नोंदणीवरून. लहान वर्गांना सरसकट जेवण मिळू लागल्यावर पालकांना नोंदणी करायचं कारण उरलं नाही. जेवण तर मिळतंच आहे, अर्ज कशाला? शाळांना पालकांच्या मागे लागून सांगावं लागलं, की जेवणासाठी नको पण अनुदानासाठी तरी फॉर्म भरा. गरीब मूल मोजलंच गेलं नाही तर त्याच्यासाठीचा शिक्षक, शिकवणी, पुस्तकं हे सगळं बुडतं. लाज वाचवताना ते मूल आकडेवारीतूनच नाहीसं झालं तर?

कडेकपारी

कार्डाचा उपाय मलाही पूर्वी पटायचा. मी स्वतः फुकट यादीतला होतो. कार्ड नव्हतं, पण नावं गुप्त ठेवायचे. तरी सगळ्यांना माहीत असायचं. सहलीचे पैसे कोणाचे उशिरा येतात, बूट कोणाचे थोरल्या भावाचे आहेत, हे वर्गात कळतंच.

आणि पाटीपेन्सिल यांच्या विद्यार्थिनीला कार्डाचा काय उपयोग झाला असता? तिचं नाव यादीतच नव्हतं.

निळी शाई

कडेकपारी, एक विचारतो, राग नसावा. सगळ्यांना मिळालं असतं तर तुम्हाला खरंच फरक पडला असता का? बूट तर थोरल्या भावाचेच राहिले असते.

कडेकपारी

राग कसला. हो, पडला असता. बूट कोणाचेही असोत, ते मला बाबांनी दिले होते. यादीत नाव जायचं तेव्हा बाबांना एका खोलीत बोलावून विचारायचे, दोन वेळा भागतं का? मी बाहेर बाकावर बसलेलो असायचो. दरवर्षी. बाबा बाहेर आले की माझ्याशी बोलायचे नाहीत, सरळ चालू लागायचे. जेवणाबद्दल माझी तक्रार नाही, चांगलं होतं. ती खोली नसती तर बरं झालं असतं.

आडवाट

दोन्ही बाजूंना न रुचणारं लिहितो.

भारतातली योजना सरसकटच आहे. सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत कोणी उत्पन्न विचारत नाही. तमिळनाडूत कामराज यांनी 1956 मध्ये सुरुवात केली, एम. जी. रामचंद्रन यांनी 1982 मध्ये ती फार मोठी केली. 1995 मध्ये देशभर योजना आली आणि 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोरडं धान्य नको, शिजवलेलं अन्न द्या, असा आदेश दिला. फायदे नाकारत नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की लहानपणी शाळेत जेवलेल्या मुली पुढे आया झाल्या तेव्हा त्यांच्या मुलांमध्ये वाढ खुंटण्याचं प्रमाण कमी होतं. एका ताटाचा परिणाम पुढच्या पिढीपर्यंत गेला.

पण सरसकटच्या बाजूने नेहमी असं सांगितलं जातं, की वजनदार लोकांची मुलंही तेच जेवली की जेवणाचा दर्जा आपोआप राखला जातो. इथे तसं होत नाही, कारण वजनदार लोकांची मुलं त्या शाळेतच नाहीत. ती खासगी शाळेत डबा खातात. 16 जुलै 2013 रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं जेवण खाऊन 23 मुलं दगावली. तेलात कीटकनाशक होतं. त्या तेविसांमध्ये एकही मूल वरपर्यंत हात पोचलेल्या घरातलं असतं, तर तेल कुठे ठेवलंय हे कोणीतरी आधीच पाहिलं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

शाळाच जिथे श्रीमंतांची वेगळी आणि गरिबांची वेगळी आहे, तिथे 'सगळ्यांना' या शब्दात अर्धेच लोक येतात. त्यामुळे सरसकट की निवडक या वादापेक्षा मला रोज अन्न चाखून कोण बघतं, साठा कुलपात असतो का, पालकांना स्वयंपाकघरात जाऊ देतात का, हे प्रश्न मोठे वाटतात.

तळटीप

आडवाट, पटलं. मीही हा 'आपोआप दर्जा' दुसरीकडे मांडला आहे, यापुढे जपून मांडेन.

राजकारणाचा एक धडा मात्र राहून गेलाय. दक्षिण कोरियाची राजधानी सोल. नगरपरिषदेला सगळ्या मुलांना फुकट जेवण हवं होतं. महापौर ओ से-हून म्हणत होते, खालच्या निम्म्या उत्पन्नगटालाच द्या, म्हणजे अगदी हिशेबवहींचीच भूमिका. त्यांनी 24 ऑगस्ट 2011 रोजी या प्रश्नावर सार्वमत घेतलं. मतपेट्या उघडायला किमान एक तृतीयांश मतदान लागणार होतं. विरोधकांनी बहिष्कार पुकारला, मतदान 25.7 टक्क्यांवर थांबलं, मतं मोजलीच गेली नाहीत आणि महापौरांनी राजीनामा दिला. पुढच्या दशकात तिथलं फुकट जेवण हायस्कूलपर्यंत पोचलं. जे सगळ्यांच्या मुलांना मिळतं त्याला हात लावणं राजकारण्याला महागात पडतं.

हिशेबवही

सोलमध्ये पंच्याहत्तर टक्के लोक घरी बसले, त्याला कौल म्हणणं मला जड जातं.

आणि सरसकट योजनाही कापल्या जातात. ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री असताना 1971 मध्ये सात वर्षांवरच्या मुलांचं शाळेतलं फुकट दूध बंद झालं. पुढे त्या पंतप्रधान झाल्यावर 1980 च्या कायद्याने सगळ्यांसाठी जेवणाची सोय करण्याचं स्थानिक प्रशासनांवरचं बंधनही काढून टाकलं. खर्च मोठा असेल तर तो कापण्याचा मोहही मोठा.

पाटीपेन्सिल, मला तुमच्याकडून एका प्रश्नाचं सरळ उत्तर हवं आहे. पैसा मोजका आहे. एक तर शाळेच्या दिवशी सगळ्यांना दुपारचं जेवण, किंवा गरजूंना सुट्टीतही जेवण. दोन्ही जमणार नाही. तुम्ही काय निवडाल?

पाटीपेन्सिल

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण ते सोपं नव्हतं. सुट्टीतल्या भुकेबद्दल मी मूळ लेखात एक अक्षर लिहिलं नाही, ही माझी चूक. शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात काही मुलं वाळलेली दिसायची आणि आम्ही शिक्षक म्हणायचो, उनाडली असतील.

नाइलाज असेल तर मी म्हणेन, मुलं निवडू नका, ठिकाणं निवडा. अमेरिकेत मोठ्या सुट्टीतल्या जेवणाची अशी केंद्रं आहेत. ज्या वस्तीत निम्मी किंवा जास्त मुलं सवलतीला पात्र आहेत, तिथे केंद्र उघडतात आणि अठरा वर्षांपर्यंतचं जे मूल येईल ते जेवून जातं. नाव नाही, अर्ज नाही, दाखला नाही. तिथल्या शाळांनाही अशी सोय आहे. थेट यादीवरून पात्र ठरलेली मुलं ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असतील तर अख्ख्या शाळेला फुकट देता येतं. आधी ही मर्यादा 40 टक्के होती, 2023 मध्ये 25 वर आणली. पैसा गरिबीकडेच जातो, पण कोणा मुलाच्या कपाळावर शिक्का बसत नाही. अशा ठिकाणी शाळेच्या दिवशी आणि सुट्टीतही द्यावं. मग जसा पैसा येईल तसं लहान वर्गांपासून सगळीकडे.

पण एक सांगते. माझी ती विद्यार्थिनी बऱ्यापैकी सुखवस्तू शाळेत होती. ठिकाणाच्या निकषावर तिची शाळा कधीच बसली नसती. म्हणून हा माझ्यासाठी पहिला टप्पाच राहील, त्यावर मी थांबणार नाही.

हिशेबवही

ठिकाणं निवडण्याला माझा पूर्ण पाठिंबा. कागद वाचतो, हेरगिरी वाचते आणि पैसा फार सांडत नाही. सुखवस्तू शाळेतल्या एकट्या गरीब मुलासाठी मी अजून परस्पर यादीचाच आग्रह धरेन. त्यातूनही तुमची विद्यार्थिनी निसटली असती का? वडील कुठल्याच सरकारी यादीत नसतील तर निसटली असती. याला माझ्याकडे आज उत्तर नाही.

निळी शाई

सुट्टीतल्या केंद्राला माझीही हरकत नाही. जागा आणि वेळ कळली तर मी स्वतः वाढायला येईन. पहाटे उठायची सवय आहेच.

मुदपाक

सगळं वाचलं. सुट्टीत केंद्र उघडायचं म्हणता, चांगलं आहे. पण सुट्टीत आम्हाला पगार नसतो. भारतातल्या योजनेत स्वयंपाकीण आणि मदतनीस यांना मानधन वर्षातले दहाच महिने धरलेलं आहे. बाकीचे दोन महिने आम्हीही कुठेतरी दुसरं काम शोधत असतो, आणि आमचीही मुलं त्याच शाळेत असतात. निळी शाई, तुम्ही वाढायला या, हातभार लागेल. पण तीनशे ताटांचा स्वयंपाक हौसेने आलेल्या माणसांकडून रोज होत नाही, पंधराव्या दिवशी दोघंच उरतात. हिशेबवही, तुमच्या त्या वीस हजार ताटांच्या गणितात आमची मजुरी धरली होती का? नसेल तर ती धरून पुन्हा मांडा. मग किती ताटं होतात ते इथे लिहा, मी बघते.